अभिनंदनाचा फळा

आमच्या विद्यालयात शिरताच डाव्या हाताला कार्यालयाच्या भिंतीवर एक फळा आहे. त्याच्या माथ्यावर ‘या सप्ताहातील यश’ अशी पांढरी अक्षरे रंगविलेली असून त्यांखाली पाच आडव्या रेघा मारलेल्या आहेत. दर शनिवारी प्रार्थना आटोपली की मी स्वतः खडू घेऊन त्या रेघांवर लिहितो. हे काम शिपायाकडे किंवा एखाद्या सुवाच्य अक्षराच्या विद्यार्थ्याकडे सोपविता आले असते, परंतु आपले अक्षर वळणदार आहे हा माझा जुना अहंकार आहे आणि निवृत्तीपर्यंत तो सुटेल असे वाटत नाही. रेघा पाचच का, असे एका पालकांनी मागे विचारले होते. फळा तेवढाच आहे, याहून निराळे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

या सदराच्या वाचकांपैकी जे इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा शहरांतून राहतात, त्यांना आमच्या शाळेची कल्पना यावी म्हणून दोन शब्द आधी सांगतो. गोव्याच्या पूर्वेला सह्याद्रीच्या पायथ्याशी सत्तरी तालुका आहे. म्हादई नदी याच तालुक्यातून वाहते. काजूच्या बागा, कुळागरे आणि भातशेती यांवर येथील घरे चालतात. १९६१ साली गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर दयानंद बांदोडकरांच्या राजवटीत खेडोपाडी सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यांत मराठी शाळांचा भरणा मोठा होता. आमच्याकडे येणारी बहुतेक मुले अशाच शाळांतून चौथीपर्यंत मराठीत शिकलेली असतात. पाचवीत पाऊल टाकले की गणित, विज्ञान, इतिहास सारे एकदम इंग्रजीतून सुरू होते. चौथीत चुरुचुरु बोलणारे मूल पाचवीत गप्प होते. काही मुले सहावी-सातवीत पुन्हा बोलू लागतात, काही शेवटपर्यंत मागच्या बाकावर गप्पच राहतात. मी मराठीचा शिक्षक, त्यामुळे माझ्या तासाला ती तोंड उघडतात आणि मला वाटते की मी त्यांना ओळखतो. या समजुतीला गेल्या आठवड्यात चांगलाच धक्का बसला. श्रावणातील पहिल्या आठवड्याची ही हकीकत आहे.

केंद्र सरकारची ‘इन्स्पायर मानक’ नावाची योजना आहे. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या डोक्यातून निघालेली, रोजच्या अडचणीवर उपाय सुचविणारी एखादी कल्पना लिहून द्यायची. प्रत्येक शाळेने त्यांतल्या निवडक पाच पाठवायच्या. जिची निवड होते त्या विद्यार्थ्याच्या बँकखात्यात नमुना तयार करण्यासाठी दहा हजार रुपये जमा होतात आणि पुढे जिल्हा, राज्य व राष्ट्रीय पातळीवरील प्रदर्शनांची वाट उघडते. कल्पना कोणत्या भाषेत लिहावी याचे बंधन नाही, हे विशेष. तरी आमची मुले इंग्रजीतच लिहितात. शासनाकडे जाणारा कागद म्हणजे इंग्रजी, हे त्यांच्या मनात कोणी भरविले ते देव जाणे. बहुधा आम्हीच.

सोमवारी आमच्यापुढे तेवीस कागद आले. विज्ञानाच्या बाई, गणिताचे सर आणि मी असे तिघे निवडीला बसलो होतो. तेवीसांत चार कल्पना झाडांना आपोआप पाणी घालणाऱ्या यंत्राच्या होत्या (सत्तरीच्या पावसात!) आणि तीन अंधांसाठी कंप पावणाऱ्या काठीच्या. एका कागदावर चित्रही होते, ते इतके सुबक की मुलाने काढलेले नसणार हे उघड दिसत होते. वहीतून फाडलेले एक दीडपानी टिपण मात्र मराठीत होते. आठवीतल्या एका मुलाचे. मथळा होता, ‘घुमटाचा आवाज पावसात बसतो त्याबद्दल’. मी लाल शाईचे पेन उघडले, ह्रस्व-दीर्घाच्या चुका एकेक करून सुधारल्या, खाली ‘१७ चुका, शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे’ असा शेरा लिहिला आणि तो कागद नाकारलेल्यांच्या गठ्ठ्यावर ठेवला.

काही वेळाने बाईंनी तो गठ्ठा चाळता चाळता तोच कागद वर काढला.

“सर, हा आपण वाचलात?”

“वाचला की. सतरा चुका आहेत.”

“चुका नव्हे सर, आत काय लिहिलं आहे ते.”

मी काही बोललो नाही. बाईंनी कागद माझ्यापुढे सरकविला आणि मी प्रथमच तो वाचला.

घुमट ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. मातीचे मडके, त्याला दोन्ही बाजूंनी तोंडे. मोठ्या तोंडावर चामडे ताणून बसविलेले आणि लहान तोंड उघडे. उजव्या हाताने चामड्यावर थाप मारायची आणि डाव्या हाताच्या तळव्याने लहान तोंड झाकीत-उघडीत आवाज घुमवायचा. सोबत काठ्यांनी वाजणारे शामेळ आणि झांज. चतुर्थीत गोव्याच्या घराघरांतून याच वाद्यांवर आरत्या चालतात. पूर्वी घुमटाला घोरपडीचे चामडे असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले, पुढे बकरीच्या चामड्याचा पर्याय रूढ झाला, आणि २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. जुने वादक मात्र अजून कुरकुरतात. बकरीचे चामडे जाड, त्यात तो ठणका नाही, आणि पावसाळी हवेत ते लगेच सैल पडते. चतुर्थी येते ती नेमकी पावसाळ्यातच.

आमच्या शाळेचे घुमट आरतीचे पथक आहे. सात मुलगे, चार मुली. (मुलींनी घुमट वाजवावे का, हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी एका पालकसभेत निघाला होता. मुलींनी वाजवून दाखविले आणि प्रश्न संपला.) हा आठवीतला मुलगा पथकात आहे, पण वादक म्हणून नव्हे. त्याचे काम वाद्ये उबविण्याचे. सरावापूर्वी मागच्या पडवीत रद्दी पेटवून तो घुमटांची चामडी धगीवर धरतो, ती तापून ताणली गेली की वादकांच्या हाती देतो. मी त्याला कैक वेळा धुरात डोळे चोळीत बसलेला पाहिला होता. तो तेथे बसून काही मोजतो आहे हे मला दिसले नव्हते.

त्या दीड पानात अकरा दिवसांच्या नोंदी होत्या. शाळा भरताना आणि सुटताना त्याने शाळेचे घुमट वाजवून त्याचा आवाज पेटीच्या कोणत्या पट्टीशी जुळतो ते पाहिले होते. शेजारच्या रकान्यात ‘मुसळधार’, ‘रिमझिम’, ‘ऊन’ अशी हवामानाची नोंद होती. ऊन पडलेल्या दिवशी आवाज वर चढतो, मुसळधार पावसात तो दोन-दोन पट्ट्यांनी उतरतो. पुढे लिहिले होते की घरी त्याने फळ्यांची एक पेटी बनविली आहे. कोंबडीच्या पिल्लांना ऊब देण्यासाठी लावतात तसला जुना पिवळा दिवा तिच्यात लावून आजोबांचे घुमट आत ठेवले, तर वीस मिनिटांत आवाज ‘उठतो’. बाहेर काढल्यावर तासाभरात पुन्हा ‘बसतो’. विस्तवाच्या धगीने चामडे एका बाजूला जास्त तापते, पेटीत तसे होत नाही. शेवटचे वाक्य असे होते की घरी पेटी नाही, म्हणून घरची मापे कानाने घेतली आहेत, ती चुकीची असू शकतात.

हे शेवटचे वाक्य बाईंनी दोनदा वाचून दाखविले. “सर, दहावीच्या मुलांच्या प्रयोगवहीत असं वाक्य मला कधी मिळालेलं नाही,” त्या म्हणाल्या. आणि मग हळूच, “वर्गात हा एक शब्द बोलत नाही. मी त्याला मंद समजत होते.” त्यांनी हे कबूल केले, म्हणून मलाही येथे कबूल करणे भाग आहे. मी तर त्याला मराठीतही तसाच समजत होतो, कारण त्याच्या निबंधात चुका फार.

मधल्या सुट्टीत त्याला बोलाविले. लाल शाईने माखलेला स्वतःचा कागद माझ्या टेबलावर पाहून त्याने मान खाली घातली. बाईंनी प्रश्न विचारले, त्याने मराठीत नीट उत्तरे दिली. कौतुकाच्या भरात मीही एक प्रश्न विचारला. “वीस मिनिटांचे लिहिले आहेस. तासभर ठेवले तर काय होते?”

“ठेवले नाही, सर.”

“मग ठेवून पाहा ना.”

मंगळवारी तो आला नाही. श्रावणात आमच्याकडे गैरहजेरी नवी नाही. कोणाच्या घरी सण, कोणाच्या शेतात काम, ओढ्याला पाणी आले की पलीकडच्या वाड्यावरची मुले अडकतात. मी फारसे लक्ष दिले नाही. शिवाय त्या दिवशी सुब्रतो मुखर्जी चषक फुटबॉल स्पर्धेच्या तालुका फेरीत आमच्या मुलींचा अंतिम सामना होता. तेरा मुलींचा संघ, त्यांतल्या सहाजणींपाशीच बूट. बाकीच्यांनी मुलांचे बूट मागून आणले आणि पुढच्या टोकाला चिंध्या कोंबल्या. माध्यान्ह आहार आठवीपर्यंतच्या मुलांनाच मिळतो, नववी-दहावीच्या मुलींना घरचाच डबा. सामना दुपारी असल्याने मधल्या सुट्टीत आठवीच्या वर्गाने आपल्या वाट्याचे पाव आणि भाजी संघातल्या ताईंपुढे नेऊन ठेवली. कोणी सांगितले नव्हते. सामन्यात आम्ही शून्य विरुद्ध तीन असे हरलो. तिसरा गोल झाला तेव्हा आमची गोलरक्षक चिखलात बसून रडत होती आणि तिच्या एका पायातला बूट गोलजाळ्यात पडला होता.

बुधवारीही मुलगा आला नाही. वर्गातल्या एकाने सांगितले, “सर, त्याने आजोबांचं घुमट फोडलं. आता तो शाळेत येणार नाही म्हणतो.”

सोमवारच्या रात्री त्याने माझ्या सांगण्यावरून तासभराचा प्रयोग केला होता. दिवा लावून तो जेवायला बसला, मग घरच्या कामात गुंतला, आणि पाऊण तासाच्या सुमारास पेटीतून फटकन आवाज आला. चामडे काठापासून मध्यापर्यंत उभे तडकले. ते घुमट त्या घरात तीन पिढ्यांचे, डिचोलीकडच्या कुंभाराच्या हातचे मडके. चतुर्थीत वाड्यावरच्या सगळ्या घरांच्या आरत्या त्याच्यावर होतात, आणि चतुर्थीला महिनाही उरला नव्हता. हे ऐकल्यावर माझी जी अवस्था झाली ती येथे विस्ताराने सांगत नाही. ‘ठेवून पाहा ना’ हे शब्द मी किती सहज बोललो होतो! विज्ञानाची बाजू बाईंची. मी नुसता कौतुक करायला बसलेला माणूस, मला तो प्रश्न विचारायचे काय अडले होते?

गुरुवारी त्यांच्या घरी जायचे असे मी ठरविले होते, परंतु त्यापूर्वीच आजोबा नातवाला घेऊन शाळेत आले. डोक्यावर कांबळ्याची खोळ, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. त्यांना खुर्ची दिली तरी ते पडवीतल्या बाकावरच बसले, म्हणून मीही शेजारी बसलो. मी बोलायला सुरुवात केली, “आजोबा, चूक त्याची नाही, मीच त्याला सांगितले होते...” त्यांनी हात वर करून मला थांबविले आणि आपल्या बोलीत म्हणाले, “चामडें फुटलें, हेडमास्तर. घुमट फुटूंक ना.”

नंतर ते बराच वेळ बोलत होते, ते येथे मराठीत देतो. त्यांनी स्वतः तरुणपणी तीन चामडी तडकविली होती, आणि त्यांच्या वडिलांनी दर वेळी नवीन चामडे चढवायला त्यांनाच बसविले होते. चुलीवर घुमट टांगायचे तर वितीभर उंच टांगायचे, आणि धूर निघायला वाट हवी. “पोराच्या पेटीला खिडकीच नाही. भाकरीसुद्धा बंद मडक्यात करपते.” त्यांची तक्रार घुमटाबद्दल नव्हतीच. दोन दिवस पोरगा शाळेत जात नाही, ते त्यांना खपत नव्हते. “तो सांगतो, हेडमास्तरांनी कागद लाल केला. मी म्हटलं, लाल केला म्हणजे वाचला तरी.”

या वाक्यावर मी खाली पाहिले. बाई दारात उभ्या होत्या, त्यांनी दुसरीकडे पाहिले.

पेटीला भोक कोठे पाडायचे यावर मग आजोबा आणि बाई यांच्यात अर्धा तास चर्चा झाली. बाई म्हणत की दमट हवा बाहेर पडायला वर भोक हवे, आणि कोरडी हवा आत यायला खालीही एक हवे. आजोबांचे म्हणणे, एक पुरे. मुलगा दोघांच्या मध्ये उभा राहून ऐकत होता आणि शेवटी म्हणाला, “दोन्ही करून बघतो.” प्रयोगशाळेतला एक तापमापक बाईंनी त्याला द्यायचे ठरविले.

त्याच दिवशी लोकमान्य टिळकांच्या पुण्यतिथीनिमित्त तालुक्यात वक्तृत्वस्पर्धा होती. आमच्या नववीतल्या मुलीला मराठीत दुसरे पारितोषिक मिळाले. नऊ वक्त्यांपैकी आठांनी शेंगांची टरफले उचलायला नकार दिला, तिनेही दिला. असो, आवाज खणखणीत आहे. पुढील वर्षी भाषण तिलाच लिहायला लावीन.

आता पाचव्या जागेचा प्रश्न राहिला. चार कल्पनांवर आमचे एकमत होते. पाचवी जागा सोमवारी दहावीच्या एका विद्यार्थ्याला दिली गेली होती, अंधांच्या काठीसाठी. त्याचा कागद छापील, आकृतीसह. त्याचे वडील पालक-शिक्षक संघाचे क्रियाशील सभासद आहेत आणि शाळेच्या छपराचे काम त्यांनी पदरमोड करून करून दिले आहे, हेही मला ठाऊक होते. गणिताच्या सरांनी एक निराळी शंका काढली. खिडकीची युक्ती आजोबांची, मग कल्पना मुलाची कशी म्हणायची? शंका रास्त होती. अर्जात ‘पेटीला वाट ठेवण्याचे आजोबांनी सुचविले’ असे स्पष्ट लिहावे असे ठरले. छपराबद्दल कोणी बोलले नाही, पण ते सर्वांच्या डोक्यावर होते.

शुक्रवारी मी दहावीतल्या त्या मुलाला बोलाविले. कसे सांगावे याची मनाशी जुळवाजुळव करीत होतो. मी म्हटले, “तुझ्या काठीबद्दल जरा बोलायचे होते.” तो लगेच म्हणाला, “सर, ती मी मोबाईलवर पाहिली होती.” थोडे थांबून, “बाबांना सांगू नका.” मी सांगणार नाही. मात्र त्यांचा दूरध्वनी आला तर काय बोलायचे, हे अजून ठरलेले नाही.

अर्ज मराठीतच भरावयाचे ठरले. आमचे कारकून देवनागरी टंकलेखनात तरबेज आहेत. ते मजकूर उतरवू लागले तेव्हा मी शेजारी बसून होतो. ‘घुमट बसते’, ‘आवाज उठतो’ ही मुलाची भाषा मी तशीच राहू दिली. ह्रस्व-दीर्घ तेवढे दुरुस्त केले, त्याला माझा इलाज नाही.

पुढील महिना गर्दीचा आहे. स्वातंत्र्यदिनाच्या कवायतीचा सराव सुरू झाला आहे आणि रोज पावसाने मोडतो आहे. आठवीच्या मुलांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी आता रोज शाळा सुटल्यावर एक तास घेणार आहोत. नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला बारा हजार रुपये ही रक्कम आमच्या पालकांना लहान नाही. सातवीत किमान ५५ टक्के गुण आणि साडेतीन लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न, अशा तिच्या अटी आहेत. उत्पन्नाचा दाखला वेळेवर न मिळाल्याने मागे एका मुलीची संधी हुकली होती. म्हणून या वेळी पालकांना चतुर्थीपूर्वीच दाखल्यांच्या मागे लागावयास सांगितले आहे. घुमटवाला मुलगाही आठवीतलाच. सातवीत त्याला ५७ टक्के गुण होते. मी आजपर्यंत त्याचे नाव त्या यादीत घातले नव्हते, आता घातले आहे. चतुर्थीच्या सुट्टीपूर्वी शाळेत पथकाच्या आरत्या होतील.

शनिवारी फळ्यापुढे उभा राहिलो. पहिल्या रेघेवर वक्तृत्वाचे दुसरे पारितोषिक लिहिले. दुसऱ्या रेघेवर ‘फुटबॉल : मुलींचा संघ, तालुक्यात उपविजेता’. गोलरक्षकाने ते वाचून ‘सर, हरलो म्हणून लिहा ना सरळ’ अशी सूचना केली, ती मी मानली नाही. तिसऱ्या रेघेवर आठवीतल्या मुलाचे नाव लिहायला हात उचलला तोच तो मागे येऊन उभा राहिला.

“सर, माझं नको लिहू. अजून झालं नाही.”

सोमवारी आजोबा नवीन चामडे आणणार आहेत. ते भिजवून, ताणून, बांधून सावलीत सुकायला बरेच दिवस लागतील. तोवर प्रयोग थांबू नये म्हणून शाळेच्या दोन घुमटांपैकी एक त्याला घरी न्यायचे होते. नियमाप्रमाणे शाळेची वस्तू बाहेर जाताना नोंदवहीत लिहावी लागते. कारकुनांनी वही पुढे केली. ‘वस्तू : घुमट. नग : १. कारण : प्रयोग.’ शेवटचा रकाना ‘परत करताना वस्तूची स्थिती’ असा आहे. मी वरच्या रकान्यांखाली सही केली. शेवटचा रिकामा आहे. मुलाने घुमट पोत्यात गुंडाळले, पोते छत्रीखाली धरले आणि स्वतः भिजत घरी गेला.